बहुमताचा सूर

मोशीच्या क्रीडासंकुलातल्या ध्वनिकक्षाचं दार ढकलून कुमुद लांजेकर आत शिरल्या त्या तावातावानेच.

"वझलवार, काय चावटपणा लावलाय हा? दादांचा तो ठसका ऐकलात?"

डॉ. अनघ वझलवार हे इथले प्रमुख ध्वनिवैज्ञानिक. काचेपलीकडे ‘डांबर’चा निरोपाचा कार्यक्रम रंगात आला होता. गायक दिगूदादा धरून चिंचवडच्या कारखान्यातल्या चार कामगारांनी ऐन तिशीत काढलेला हा रॉक बँड आज म्हातारा झाला, तरी त्याच्यासाठी तीस हजार खुर्च्या भरल्या होत्या. कुमुदताई त्यांच्या चाहतामंडळाच्या अध्यक्षा, म्हणून दारावर कुणी अडवलं नाही. अडवणाऱ्याची धडगत नव्हतीच म्हणा.

"ठसक्याचं काय?"

"तो तळेगावच्या कार्यक्रमातला आहे! ‘तेलकट हात’ म्हणताना दिगूदादांना ठसका लागला आणि आम्ही ‘हाण!’ म्हणून ओरडून वेळ निभावून नेली. मी पहिल्या रांगेत होते. ते ध्वनिमुद्रण पोराटोरांनाही पाठ आहे. आणि आज त्याच जागी, तस्साच ठसका? शहात्तर वर्षांचा माणूस तिशीतल्या घशाने खोकतोय? सरळ रेकॉर्ड लावलंय तुम्ही!"

"रेकॉर्ड नाही हो. स्मृतिनाद." वझलवारांना आपल्या यंत्राचं कौतुक लपवता येईना. "ओळखीचं गाणं ऐकताना मेंदू पुढचा सूर आधीच तयार ठेवतो. कानावर पडायच्या आत. खुर्चीच्या उशीतले संवेदक तो टिपतात. तीस हजार डोक्यांतून जास्तीत जास्त लोकांचा जो सूर निघेल, तो आम्ही कर्ण्यांतून सोडतो. बहुमताला जे हवं तेच ऐकू येतं. ठसकासुद्धा लोकांनाच हवा होता."

"आणि दादांचा माइक?"

"तो फक्त त्यांच्या कानातल्या यंत्राला जोडलाय. बाहेर काही जात नाही. आवाज फाटतो त्यांचा, बोटं थरथरतात. थोडी दुरुस्ती करतो, एवढंच सांगितलंय त्यांना."

कुमुदताईंनी काचेतून डोलणाऱ्या माना पाहिल्या. मगाशी आपणही डोळे मिटून डोलत होतो, हे आठवून तर अंगावर काटाच आला.

"शी! आमचंच उष्टं आम्हाला वाढताय की हो! वर तिकीट लावून!"

"लोक खूश आहेत, ताई."

"खूश असणारच मेले!" आणि एकदम त्यांचा आवाज उतरला. "अहो, पण शेवटचं गाणं?"

"‘तिसरी पाळी’. नेहमीप्रमाणे."

"नाही! नवं आहे ते!"

ड्रमर बबन गेल्यावर दिगूदादांनी ते लिहिलं होतं. बँडबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. परवा फोनवर एकट्या कुमुदताईंना त्यांनी ते धापा टाकत म्हणून दाखवलं. "कुमुद, जन्मभर लोकांनी जुनंच मागितलं गं. हे एकदा ऐकवतो आणि मग कायमचा गप्प बसतो," म्हणाले होते.

वझलवारांचा चेहरा पडला. "नवं? मग ते कुणाच्याच डोक्यात नसणार."

"माइक बाहेर जोडा!"

"तशी सोयच ठेवली नाही. चुकून खरा आवाज बाहेर गेला तर, म्हणून."

कोपऱ्यात चाचणीची खुर्ची होती, तशाच उशीची. उशीवर इवलासा दिवा. बसणाऱ्याच्या मनातला सूर बहुमताशी जुळला की तो हिरवा होई. कुमुदताई जाऊन तीत बसल्या.

"मला येतं ते गाणं. घ्या माझं मत."

"तीस हजारांत एक?"

"घ्या म्हणते ना!"

मंचावर दादांनी हात वर केला. ‘डांबर’ गाण्यांच्या मध्ये कधी बोलत नसे, नुसता हात वर होई. आणि शेवटचा हात म्हणजे ‘तिसरी पाळी’, हे लहान मुलालाही माहीत.

कुमुदताईंनी डोळे घट्ट मिटले. ‘बबन, तुझं स्टूल तसंच ठेवलंय.’ पहिली ओळ त्या मनात घोकू लागल्या. दिवा विझलेलाच होता.

बाहेर दणक्यात ‘तिसरी पाळी’ सुरू झाली.

त्यांनी डोळे उघडले. दादांचे ओठ भलतेच शब्द म्हणत होते आणि पहिल्या रांगेतली तोंडं दुसरेच. दादा गोंधळले. त्यांनी कानातलं यंत्र काढलं, ऐकलं आणि माइक खाली घेतला. तोंड मिटलं. त्यांचा आवाज मात्र गातच राहिला, तिशीतला, खणखणीत. मागच्या दोघांनीही हात थांबवले. ढोल वाजतच होते, गिटार वाजतच होती.

समोरच्यांना हे दिसत नव्हतं असं नाही. पण कुणाचंही काही बिघडलं नाही. माणसं नाचत होती, दादांकडे बघूनच नाचत होती. दादा वळले आणि हळूहळू चालत मंचावरून उतरले, तेव्हा टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

"किळसवाणं आहे हे," कुमुदताई दातओठ खात म्हणाल्या. ‘बबन, तुझं स्टूल...’ पुढे काय होतं? स्टूल तसंच... परवाच तर ऐकलं होतं! त्यांनी पुन्हा डोळे मिटले. बाहेर दुसरं कडवं आलं, ढोलाचा तो जुना ठेका आला, आणि खुर्चीखाली त्यांची टाच ठेका धरू लागली.

वझलवार खुर्चीमागे आले. त्यांनी फक्त उशीकडे पाहिलं.

दिवा हिरवा झाला होता.