संध्याकाळी ऐकलेला टाहो

काका पूर्वजांच्या रानात पालथे पडले होते. डोक्यामागे कुऱ्हाडीचा घाव. शेजारी नुकतंच तोडलेलं झाड. या रानात कुऱ्हाड चालवायला मनाई होती.

पोलिसातला जारामी गावचाच, नात्यातला. काकांच्या अंगाखाली कापडात घट्ट गुंडाळलेलं, फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य होतं. त्यानं ते उलगडलं. आखूड नळी, दोन्ही टोकांना जवळजवळ सारखीच रुंद. ती पुन्हा गुंडाळून त्यानं काखेत मारली.

काकांची बायको अंगणात राख फासून बसली होती. रिवाजाप्रमाणे गेलेल्याचं नाव कुणीच घेत नव्हतं.

"काकू, त्यांचा यिडाकी कुठाय?"

"तडकलाय. तडा मिटावा म्हणून परवापासून ओढ्यात भिजतोय. माझ्या भावानं पश्चिमेकडून तिकडचा आखूड मागो पाठवला, तो घेऊन काल सकाळी एकटेच गेले."

ओढ्यात दगडांखाली यिडाकी होता. त्याच जातीचा, पण लांब, खाली तोंड पसरलेला. वर गाळाचा थर बसला होता.

काकांचा पुतण्या वारांगिल किनाऱ्यावर जाळं आवरत होता. काकांनी वादन शिकवलं ते त्याला एकट्याला.

"काल कुठे होतास?"

"दुपारपासून इथेच, दादा. विचार कुणालाही."

"आणि काका?"

"सूर्य टेकेपर्यंत रानात वाजवत होते की! मी ऐकलं."

"तेच कशावरून?"

"त्यांच्यासारखा टाहो कोण काढतं? घुमत्या सुरातून एकदम वर, पोंऽऽ! दोनदा."

जारामीनं कापड सोडलं. वारांगिलचे हात थांबले.

"हा मागो. पश्चिमेकडचे लोक यावर टाहो घेतच नाहीत, आणि या सरळ नळीतून तो धड निघतही नाही. टाहो यिडाकीचा, तो तर ओढ्यात. तू काहीच ऐकलं नाहीस. काका संध्याकाळपर्यंत जिवंत होते असं दाखवायचं होतं तुला. दुपारनंतरची साक्ष आहे तुझ्याकडे, सकाळची नाही; सकाळी तू रानात होतास. कापडात त्यांचा नेहमीचाच यिडाकी असणार असं धरून चाललास."

वारांगिलनं जाळं वाळूत टाकून दिलं.

"यिडाकीसाठी झाड तोडताना पकडलं मला. म्हणाले, सगळ्यांपुढे सांगीन, तुला पुन्हा यिडाकीला हात लावू देणार नाही. आणि पाठ फिरवली."

वारांगिलला घेऊन गाडी निघाली तशी काकू धावत आली.

"याला नेलंस, तर त्यांना निरोप देताना वाजवणार कोण?"

जारामीनं गाडी थांबवली नाही. अंत्यविधीची गाणी नुसत्या टिपऱ्यांवर झाली.