चौकोनातली एकच खूण

"तीन आठवडे झाले! या खिडकीतून त्या खिडकीत. सगळे मलाच खोटी ठरवतात!" परिचारिकाबाईंनी हातातली फाईल टेबलावर आपटली.

वहिनींनी खुर्ची पुढे केली. दिराच्या तोंडचं 'वहिनी' हेच नाव त्यांच्या गुप्तहेरकीला चिकटलं होतं. दीर, म्हणजे भाऊजी, कोपऱ्यात टिपणं घेत होते.

परिचारिका नवऱ्यासह नुकतीच या राज्यात आली होती. घरोघरी जाऊन रुग्ण बघायचे, तर गाडी हवीच.

"सक्तीचा विमा दाखवल्याशिवाय गाडीला इथला नंबर मिळत नाही. तो फक्त दुसऱ्याचं नुकसान भरतो. म्हणून मी स्वतःच्या गाडीचा ऐच्छिक विमाही मागितला. तीन तारखेला एजंटकडे दोन्ही चौकोनांत खुणा केल्या. त्याने एका कोऱ्या फॉर्मवरही सही घेतली, चूक झाली तर असू दे म्हणून. अकरा तारखेला नवा नंबर मिळाला. चौदाला वादळात गाडीवर झाड पडलं. आता कंपनी म्हणते, तुमच्या फॉर्मवर खूण एकच! नक्की आमच्या यांनीच दुसरा विमा काढून टाकायला लावला असणार. 'जे सक्तीचं नाही ते कशाला?' असं म्हणाले होते. तेव्हापासून बोलत नाही मी त्यांच्याशी."

वहिनी घरी जाऊन भेटल्या, तेव्हा नवरा वैतागलेलाच होता. "वाद घातला, कबूल. पण एजंटचं दार मी पाहिलंही नाही!"

कंपनीतल्या कारकुनाने फाईल उघडली. फॉर्मवर तारीख तीन, नवा गाडी क्रमांक, खाली सही. "सक्तीचा विमा एजंटच्या फोनवरच्या नोंदीने सुरू झाला होता. कागद एजंटने नंतर पाठवला. मी शिक्का मारला, बस."

एजंट गोड हसला. "तीन तारखेला बाईंनी माझ्यासमोर हाच फॉर्म भरला. आता विसरल्या असतील."

बाहेर येताच भाऊजी म्हणाले, "नवराच. नाहीतर कारकून."

"भाऊजी, तुमच्या अंदाजाला धरबंध नाही." वहिनींनी सगळ्यांना कंपनीत बोलावलं.

"तीन तारखेला भरलेल्या फॉर्मवर अकराला मिळालेला नंबर कसा?"

वहिनींनी फॉर्म एजंटपुढे सरकवला.

"हा फॉर्म नंतर भरलाय. तोही तयार सहीवर. ती कोरी सही एकाच माणसाकडे होती. खरा फॉर्म पाठवायचा राहून गेला, म्हणून ऐच्छिक विमा सुरूच झाला नाही; मग झाड पडलं, आणि आपली चूक लपवायला त्याने सक्तीच्याच चौकोनात खूण केली. हो ना, एजंटसाहेब?"

एजंटने रुमालाने मान पुसली. "खणात राहिला होता... नोकरी गेली असती माझी."

"आणि माझी?" परिचारिका ओरडली. "गाडी नाही म्हणून सहा रुग्ण हातचे सुटले माझे!"

कंपनीच्या शाखाधिकाऱ्याने एजंटच्या खणातला फॉर्म मागवला. दोन खुणा होत्या. "तुमचा ऐच्छिक विमा तीन तारखेपासूनच धरू, गाडीची भरपाई मिळेल," तो खालच्या आवाजात म्हणाला.

परिचारिकेने कोपऱ्यात उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, मी तुम्हाला..."

"ते घरी गेल्यावर," तो म्हणाला. "आधी विचार, गाडी कधी मिळणार."