हारू काय म्हणून राह्यला

सिंदेवाहीच्या बसस्टँडमागे एक दुकान होतं. त्याच्या पाटीवर वरच्या ओळीत 'मन्सुरी गादी भांडार' आणि खालच्या ओळीत 'इंटरनेट व सीडी रायटिंग' असं लिहिलेलं होतं. वरची ओळ रहीमभाईंची, खालची त्यांच्या मुलाची, जिशानची. मधे प्लायवूडचं पार्टिशन. पलीकडे कापूस पिंजायचं मशीन, अलीकडे तीन कॉम्प्युटर. पार्टिशन छतापर्यंत पोचत नसल्यामुळे कापसाचे तंतू वरून तरंगत यायचे आणि कॉम्प्युटरच्या डब्यात जाऊन बसायचे. अधूनमधून जिशान डबे उघडून कापूस बाहेर काढायचा. याची एक उशी होते, असं रहीमभाई म्हणायचे. ते विनोद करत नव्हते. त्यांनी ती उशी केली होती.

साल २००६. चंद्रपूर जिल्ह्याचा कोळसा जळून अर्ध्या महाराष्ट्रात दिवे लागत, आणि त्याबद्दलचे आभार म्हणून सिंदेवाहीची वीज रोज दुपारी जायची. गावात वेळेवर होणारी तेवढी एकच गोष्ट होती.

वीज जायच्या आधी तासभर प्रफुल यायचा. तो भात संशोधन केंद्रात रोजंदारीवर होता. काम पाखरं हाकायचं. शास्त्रज्ञ लोक वर्षभर खपून नवीन वाण तयार करतात आणि शेवटच्या पंधरवड्यात ते चिमण्या खातात, म्हणून सरकारनं प्रफुलला एक रिकामा पिपा आणि एक काठी दिली होती. दुपारी ऊन चढलं की पाखरं झाडात जातात. मग प्रफुलही जायचा. पिपा सायकलला मागे बांधून दुकानात यायचा, जिशानच्या बाजूच्या स्टुलावर बसायचा आणि म्हणायचा, "लाव."

लावायचा तो एक गेम. जिशानच्या मावसभावानं, फैजनं, नागपूरच्या फूटपाथवरून तीस गेमची एक सीडी आणली होती. एकोणतीस गेममध्ये माणसं माणसांना मारत होती. तिसाव्यात कोणी कोणाला हातही लावत नव्हतं. नुसती चित्रं, खाली इंग्रजी वाक्यं. जपानातलं एक खेडं. तुम्ही तिथं नवीन आलेले. शाळेत जायचं, लोकांशी बोलायचं, मधेमधे दोन-तीन उत्तरांतलं एक निवडायचं, आणि शेवटी ज्याच्याशी जास्त बोललात त्याच्याशी तुमचं जमायचं. चार पोरी होत्या आणि हारू नावाचा एक पोरगा. कोणालाही निवडा. हारूला निवडलं म्हणून गेमच्या कपाळाला आठी पडत नव्हती.

जिशाननं उन्हाळ्यात हा गेम एकट्यानं खेळून पाहिला होता. हारू रोज धानाच्या बांधावर उभा असायचा. शेवटी शेवटी तो म्हणायचा, माझं घर दुसऱ्या बाजूला आहे, या बांधावरून मी फक्त तू येतोस म्हणून जातो. मग विचारायचा, मी कोणाची वाट पाहतो, तुला माहीत आहे ना? खाली दोन उत्तरं यायची. जिशाननं 'माहीत आहे'वर माऊस दाबला होता आणि ते दोघं धानातून घरी चालत गेले होते. एवढंच. पुढे 'समाप्त'ची पाटी. जिशान त्या पाटीकडे बघत बसला होता, आणि पलीकडून रहीमभाईंनी दोनदा हाक मारली ते त्याला ऐकू आलं नव्हतं.

शाळेपासून प्रफुल हा त्याचा मित्र. मित्र हा शब्द जिशानला उसनी चप्पल घातल्यासारखा वाटायचा, चालता यायचं पण टाच बाहेर राहायची. ते प्रफुलला सांगायची त्याची हिंमत नव्हती. त्याला वाटलं, गेमच सांगेल. प्रफुलला इंग्रजी येत नव्हतं. जिशान वाचून मराठीत सांगेल, हारू बोलेल, प्रफुल ऐकेल, आणि त्याचा चेहरा कसा होतो ते जिशान बाजूनं पाहील. जमलं तर गेमनं जमवलं. नाही जमलं तर नुसता गेम होता.

योजना चांगली होती. हिंदुस्थानात योजना चांगल्याच असतात.

पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकात चार पोरी उभ्या असताना प्रफुल स्टुलावर पुढे सरकला आणि त्यांच्या मागच्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाला, "हे धान होय ना बे?"

त्यानंतर तो पोरींकडे वळलाच नाही. जिथं धान तिथं हारू, म्हणून रोज हारू. 'हरूभाऊकडे चाल,' म्हणायचा. जिशान वाचत गेला, सांगत गेला. हारूचं गाव, हारूची आजारी आई, हारूची सायकल. सगळं बरोबर सांगितलं. मग एका दुपारी हारूनं म्हटलं की काल रात्री मला झोप आली नाही, तुझा विचार करत होतो.

"काय म्हणून राह्यला हारू?" प्रफुलनं विचारलं.

जिशाननं घाईनं पुढचं चित्र आणलं. "म्हणते, रातभर मोटार चालू होती."

"पाणी नसन," प्रफुल म्हणाला, मान हलवून.

दुसऱ्या दिवशी सुट्टीचा दिवस मला आवडत नाही, तू दिसत नाहीस, असं हारू म्हणाला. जिशाननं सांगितलं की यंदा पाणी बरं आहे म्हणते. प्रफुलला ते पटलं. हारूचं धान खरंच बरं दिसत होतं. अशी आठवडाभर एका पोराची सगळी तगमग जिशान शेतीच्या बातम्यांत घालत गेला, आणि रोज रात्री ठरवत गेला की उद्या खरं सांगू.

मग एका दुपारी प्रफुल यायच्या आधी त्यानं मागचा सीन पुन्हा उघडला. बांधावर हारू उभा होता. खाली इंग्रजीत लिहिलं होतं: काल रात्रभर मोटार चालू होती.

जिशाननं ते दोनदा वाचलं. आपल्या आठवणीत चूक झाली असेल, असं त्याला आधी वाटलं. त्यानं पुढचा सीन उघडला. यंदा पाणी बरं आहे, हारू म्हणत होता. चित्रात बांधाच्या गळ्यापर्यंत पाणी होतं. उन्हाळ्यात ते तेवढं नव्हतं.

सीडी लिहून देणं हा जिशानचा धंदा होता. सीडीवर एकदा लिहिलं की लिहिलं, बदलत नाही, हे तो गिऱ्हाइकांना रोज सांगायचा. त्यानं गेम काढून टाकला, सीडी फडक्यानं पुसून पुन्हा टाकला. तेच. म्हणून मग त्यानं परीक्षा घेतली. त्या दिवशी प्रफुलला सांगितलं की हारूला सर्दी झाली म्हणते. संध्याकाळी वीज आल्यावर उघडलं, तर हारू इंग्रजीत म्हणत होता की मला सर्दी झाली आहे. चित्रात नाक लाल होतं.

फैजला फोन करून त्यानं विचारलं की तुझ्या सीडीत हारू काय म्हणतो. फैज म्हणाला, त्याला कोण खेळतं, मी पोरींकडे जातो. शास्त्रीय चौकशी तिथं संपली.

घाबरायला हवं होतं. पण जिशानला आधी दुसरंच वाटलं. हारूनं इतकं मनातलं बोलून दाखवलं होतं, ते सगळं आपण पुसलं. मग ते गेलं कुठं?

ते त्याला दोन दिवसांनी कळलं.

त्या दुपारी वीज जरा लवकर गेली. बॅटरीचा डबा टिंवटिंव करून थांबला, पडदा काळा झाला. पलीकडचं पिंजायचं मशीनही थांबलं. रहीमभाई नमाजला निघून गेले. प्रफुल उठला नाही. काळ्या पडद्याकडे पाहत बसून राहिला. कापसाचा एक तंतू त्याच्या केसांवर येऊन बसला.

"काल झोप नाई आली मले," तो म्हणाला. "तुझा इचार करून राह्यलो होतो."

जिशानचा हात माऊसवरच राहिला.

"सुट्टीचा दिस मले आवडत नाई. तू दिसत नाईस."

आवाज प्रफुलचाच होता, पण वाक्यं सरळ, एका मागे एक येत होती, कोणी वाचून दाखवावं तशी. त्याच क्रमानं. हारूच्या क्रमानं.

"माझं घर त्या बाजूले आहे," प्रफुल म्हणाला. "इकडून मी फकस्त तू असतं म्हणून येतो."

ते खरंही होतं. केंद्रातून प्रफुलच्या घरी जायला बसस्टँड लागतच नव्हतं. इतक्या महिन्यांत जिशानच्या ते लक्षात आलं नव्हतं.

मग प्रफुल त्याच्याकडे वळला.

"मी कोणाची वाट पाह्यतो, तुले माहीत आहे ना?"

उत्तर जिशानला माहीत होतं. अख्खा उन्हाळा त्यानं ते एका बोटानं दिलं होतं. पण आता माऊस मेलेला होता. समोर प्रफुलचा चेहरा होता, उन्हानं करपलेला, हनुवटीवर कापल्याची जुनी खूण असलेला, खरा. आणि हे बोलतं कोण, प्रफुल की हारू, या प्रश्नाच्या आड जिशानला लपायला छान जागा मिळाली. माणूस भुताला भितो त्याहून जास्त खऱ्याला भितो.

"यंदा पाणी बरं आहे ना रे?" तो म्हणाला.

प्रफुल थांबला. गेममध्ये तुम्ही उत्तर निवडलं नाही तर हारू नुसता उभा राहतो आणि मधूनमधून डोळे मिटतो. प्रफुलनं डोळे मिटले. उघडले. बराच वेळ थांबून पुन्हा मिटले.

"बरं आहे," तो म्हणाला.

त्यानं पिपा सायकलला बांधला आणि गेला.

त्यानंतर प्रफुल भेटायचा बंद झाला असं नाही. रस्त्यात भेटायचा, हसायचा. पण बोलायचा ते पाण्याचं, मोटारीचं, खताचं. जिशाननं कितीही खोदलं तरी त्याखाली काही लागायचं नाही. पूर्वी हाच माणूस साहेबाच्या चालण्याची नक्कल करायचा, पिप्यावर बेंजो वाजवायचा. आता त्याची स्वतःची आई आजारी पडली, तिचं विचारलं तरी तो म्हणायचा, धान चांगलं आहे. लोक म्हणाले, पोरगा सुधारला. उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. नवरी नवरगावकडची, मंजुषा नावाची. गादी रहीमभाईंनी भरली. जिशाननं त्यात हात घातला नाही.

गेममध्ये हारू अजून बांधावर होता. तो प्रश्न पुन्हा कधी आला नाही.

तिसऱ्या वर्षी, दिवाळीआधी, मंजुषा गादी पुन्हा भरायला घेऊन आली. प्रफुल बाहेर मोटारसायकलवर बसून राहिला. गादी टाकून ती पार्टिशनच्या अलीकडे आली. बाई धीट होती, पण त्या दिवशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"जिशानभाऊ, तुमाले इंग्रजी येते म्हणते ना?"

हे झोपेत बोलतात, तिनं सांगितलं. लग्नापासून. आधी वाटलं देवाचं काही असेल, मग माहेरी भावाला ऐकवलं तर तो म्हणाला, इंग्रजी आहे. आता दहावीत इंग्रजीत दोनदा नापास झालेला माणूस. तिनं चायनाचा मोबाईल काढला, आवाज मोठा केला आणि काउंटरवर ठेवला.

झोपेतला जड श्वास होता. मग प्रफुल, स्वच्छ इंग्रजीत, हारूच्या वाक्यांत. माझं घर दुसऱ्या बाजूला आहे. या बांधावरून मी फक्त तू येतोस म्हणून जातो. मग लांब शांतता, आणि तिच्यात कोणीतरी वाट पाहत असल्यासारखा श्वास.

"काय म्हणून राह्यले ते?" मंजुषानं विचारलं.

तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तीन वर्षं ती बाजूला झोपून हे ऐकत होती. तिला काय सांगणार? जिशानच्या जागी कोणीही असता तर तेच सांगितलं असतं.

"काही नाई भाभी. मोटार चालू होती म्हणतेत, रातभर."

"मोटार?" तिला पटलं नाही. तिनं बटण पुन्हा दाबलं.

श्वास. मग प्रफुल. तेच इंग्रजी, तोच आवाज, पण वाक्य आखूड. त्यातला एक शब्द मंजुषालाही कळला.

"हो खरंच," ती म्हणाली, आणि तिचे खांदे खाली आले. "मोटारच म्हणतेत. मी उगीच घाबरून राह्यली." तिनं हसून मोबाईल कमरेला खोचला.

जिशान काउंटर धरून उभा होता. हारूतून ते गेलं होतं, प्रफुलच्या तोंडून गेलं होतं, आता झोपेतूनही गेलं. आता ते फक्त त्याच्या एकट्याच्या डोक्यात उरलं होतं.

तो पार्टिशन ओलांडून बाहेर धावला. रस्त्यावर ऊन होतं. प्रफुल टाकीवर हात ठेवून बसला होता. त्यानं वर पाहिलं. हनुवटीवरची ती खूण तशीच होती.

आता गेम नव्हता, इंग्रजी नव्हतं. वाक्य साधं होतं, पाच-सहा शब्दांचं, आपल्या बोलीतलं. जिशाननं ते आधी मनात म्हटलं, नीट, पूर्ण.

मग तोंड उघडलं.

"खालच्या बांधीत कडाकरपा उतरून राह्यला," तो म्हणाला. "युरिया थांबव."

प्रफुलनं डोळे मिटले. उघडले.

"थांबवतो," तो म्हणाला. मंजुषा मागे बसली आणि गाडी नवरगावच्या रस्त्याला लागली.

जिशान उन्हात उभा राहिला. तो गादीवाल्याचा पोरगा. धानाच्या बांधीत त्यानं जन्मात पाय घातला नव्हता, आणि कडाकरपा हे धानाच्या रोगाचं नाव त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं, तेही स्वतःच्या तोंडून.