अठराव्या दिवसानंतर

एस्नार्ट कोठीत शिरली ती ज्वारीचं बियाणं बघायला. बियाणं उंदरांनी केव्हाच संपवलं होतं. शिवी हासडून ती वळली, तेव्हा कोपऱ्यातलं मडकं पायाला लागलं. झाकण काढलं तर आत गार राख, आणि राखेत टोकं खाली करून उभी ठेवलेली अंडी. एकोणीस.

ती तिथंच फतकल मारून बसली. अशी अंडी ठेवणारी गावात एकच बाई होती, तिची थोरली बहीण लिनेस. आणि लिनेसला पुरून पाच आठवडे झाले होते.

आता खरं ते सांगायलाच हवं. लिनेसच्या कोंबड्या एस्नार्टनंच मारल्या. मयताला रिकाम्या हातानं जायचं नाही, असा रिवाज. बसच्या थांब्यावर तिनं एक जिवंत कोंबडी घेतली, पाय बांधून काखोटीला मारली आणि एका रात्रीपुरती लिनेसच्या खुराड्यात सोडली. सगळ्याच बायका तसं करतात. त्या कोंबडीच्या नाकातून पाणी येत होतं, ते तिनं पाहिलंही होतं. पण बहीण आत चटईवर आडवी असताना कोंबडीच्या नाकाकडे कोण बघतं? बारा दिवसांत चाळीस कोंबड्या माना वाकड्या होऊन मेल्या. मग शेजारच्या मेल्या, मग सगळ्या गावातल्या. विकत घ्यावं म्हटलं तर नदीपर्यंत एक पीस उरलं नाही.

आणि त्याच आठवड्यात लुसाकाहून थोरला भाऊ एलायजा आला. लिनेसची पोरगी लुयांदो, चौदा वर्षांची. मामा बोलला की ते शेवटचं, हे त्यांच्यात ठरलेलंच.

"कोंबड्या होत्या तोवर पोरीचं भागत होतं," तो म्हणाला. "आता काय माती खाणार? शहरात एका बाईला घरकामाला मुलगी हवीय. पुढच्या महिन्यात येतो आणि नेतो."

"आणि शाळा, दादा?"

"शाळा तिथंही असते."

"असते ना. भांडी घासताना खिडकीतून दिसते."

एलायजा उठला. "अंगणात पुन्हा कोंबड्या दिसल्या, तर ठेवून घे तिला. मी काय राक्षस आहे?"

म्हणून त्या एकोणीस अंड्यांपुढे एस्नार्ट बसून राहिली. उठायचं जिवावर आलं होतं. आपलं शेत, बहिणीचं शेत, आपली चूल, बहिणीची चूल. गेले पाच आठवडे ती झोपत नव्हती, नुसती पडत होती.

त्यांच्याच कुळातली म्हातारी मालिता अंडी बघून बोळक्या तोंडानं हसली. "पोरी, अंडं उबवायचं ते आठ-दहा दिवसांचं. दोन आठवड्यांचं असलं तर देवाच्या भरवशावर. आणि पाच आठवड्यांचं खड्ड्यात."

"खड्ड्यात तर मीच आहे, आजी."

खुडूक बसायला कोंबडीच नव्हती. लहानपणी मिशनच्या शेतावर एस्नार्टनं उबवणीची पेटी पाहिली होती, तशी तिनं केली. लाकडी खोक्याला आतून पोती लावली, बाजूला रॉकेलचा दिवा, खाली पाण्याचं ताट. अंडं मिटल्या पापणीवर टेकवायचं. ना गार लागलं, ना चटका बसला, की ऊब बरोबर. प्रत्येक अंड्याच्या एका अंगाला तिनं कोळशानं रेघ ओढली, दुसऱ्या अंगाला गोल काढला. उजाडताना, माध्यान्हीला आणि दिवस बुडताना अंडी उलटायची, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटून मरतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती रेघा वर करून शेतावर गेली. माध्यान्हीला येऊन बघते, तर सगळे गोल वर.

थकलेल्या बाईचं डोकं, तिला वाटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिनं लुयांदोला धरलं.

"माध्यान्हीला पेटीला हात लावलास?"

"मी शाळेत होते, मावशी. बाईंना विचार."

चौथ्या दिवशी तिनं खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. माध्यान्हीला परत आली तेव्हा अंगणात ऊन नुसतं भाजत होतं. पान हलत नव्हतं. दाराशी पोचली आणि आतून आवाज आला. टक... टक... अंड्याला अंडं हलकेच लागावं तसा. तिनं कुलूप काढलं. आवाज थांबला. आत रॉकेलचा वास यायला हवा होता. आला तो शेंगदाण्याच्या तेलाचा, लिनेस कोपरांना चोळायची त्या तेलाचा.

आणि एकोणीस गोल वर.

दुसरी कुणी किंचाळत पळाली असती. एस्नार्ट दाराच्या चौकटीला टेकली. ती घाबरली होती, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा शीण मोठा होता. "फिरवायचीत तर फिरव," ती खोलीला म्हणाली. "मला तेवढाच आराम." आणि पाचव्या दिवसापासून तिनं माध्यान्हीची खेप बंद केली.

सातव्या दिवशी मालिता आणि ती अंडी पारखायला बसल्या. खोली अंधारी करून टॉर्चवर एकेक अंडं धरायचं. जुन्या अंड्यात हवेची पोकळी मोठी असते, यांच्यात तर निम्मं अंडं पोकळ. पण उरलेल्या निम्म्यात लाल शिरांचं जाळं पसरलेलं, आणि मधोमध काळा ठिपका उडत होता. सगळ्या एकोणिसांत.

मालिताचं हसणं बंद झालं. "ताज्या अंड्यांतही चार-पाच वाया जातात गं..." तिनं दाराकडे पाहिलं. "तिला तू घर दिलं नाहीस ना. म्हणून रिकामी फिरतेय."

मेलेल्या माणसाचं नाव कुळातल्या कुणीतरी अंगावर घ्यायचं, म्हणजे त्याला थारा मिळतो. लिनेसचं नाव एस्नार्टनं घ्यावं असं सगळ्यांनी ठरवलं होतं. मयताच्या गर्दीतच ती ओरडली होती, "माझं एक नाव मला उचलेना झालंय, दुसरं कुठं ठेवू?"

दिवस गेले. सतरावा सरला, अठरावा उजाडला. अठराव्या दिवसानंतर अंड्याला हात लावायचा नसतो. पिल्लू रुंद टोकाकडे चोच करून बसतं. तेव्हा उलटलं तर चोच हवेला मुकते आणि पिल्लू आतल्या आत गुदमरतं.

त्या सकाळी एस्नार्टनं अंडी रेघा वर करून लावली आणि स्पष्ट बजावलं. "आता बस, लिनेस. आजपासून नाही फिरवायची."

माध्यान्हीला ती मुद्दाम बघायला आली. गोल वर होते.

ती शेतावर परत गेलीच नाही. पेटीत दोन्ही हात घालून, पंजे पसरून अंड्यांवर ठेवून बसली. "पोरीसाठी करतेस ना हे? मग ऐक माझं. तुझ्या पोरीला नेतील गं... भांडी घासेल ती लोकांची..."

तळव्यांखाली अंडी उबदार होती. डोळे उघडे होते तिचे, टक्क उघडे. आणि तिच्या तळव्यांखालीच अंडी फिरू लागली. सावकाश. कुणाला लागू नये अशा बेतानं. निजलेल्या बाळाची कूस बदलावी तशी.

तिनं हात ओढून काढले आणि धावत मालिताचं घर गाठलं.

"आजी, मणी काढा. घेते मी तिचं नाव."

दिवस बुडताना मालितानं उंबऱ्यावर घरची बिअर ओतली. एस्नार्टच्या गळ्यात पांढरे मणी घातले. "लिनेस, ये. हे तुझं अंग, हे तुझं घर. बाहेर भटकू नकोस." मग तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "हं, लिनेस. कशी आहेस?"

"थकलेय," एस्नार्ट म्हणाली.

त्यानंतर अंडी हलली नाहीत. जुनी अंडी उशीर करतात. एकविसावा गेला, बाविसावा गेला. तेविसाव्या दिवशी उजाडताना लुयांदो ओरडली, "मावशी, भोक पडलं! मावशी, आणखी एक!" संध्याकाळपर्यंत एकोणीस पिल्लं बाहेर. एकही कवच बंद राहिलं नाही. मालिता मात्र त्यांच्याकडे बघत नव्हती. "आता ती तुझ्यात आहे," ती पुन्हा पुन्हा म्हणाली. "बाहेर कुणी नाही. ऐकलंस ना?"

पिल्लं निघाल्यावर सहाव्या दिवशी एलायजा आला. अंगणात पिल्लं दाणे टिपत होती. त्यानं ती मोजली. "हट्टी आहेस," म्हणाला, जेवला आणि चारच्या बसनं एकटाच परत गेला.

एस्नार्ट त्याला थांब्यावर सोडून आली तेव्हा सूर्य टेकला होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटत होतं. पिल्लं पेटीत घ्यावीत म्हणून तिनं खोलीत पाहिलं. पेटी रिकामी. दिवा नुसताच जळत होता.

"लुयांदो?"

अंगणाच्या टोकाला, कुंपणाशी, उघड्या मातीवर पिल्लं गोळा झाली होती. एकमेकांत घुसून, पाय पोटाशी घेऊन, गप्प बसली होती. त्यांच्या मधोमध लुयांदो कुशीवर निजली होती, गुडघे पोटाशी.

"उठ गं. मातीत काय निजलीस?"

"इथं ऊब आहे, मावशी." पोरीचा आवाज झोपेनं जड झाला होता.

एस्नार्ट जवळ गेली आणि तीन पावलांवर थांबली. पिल्लांच्या पाठीवरची लव चपटी झाली होती, वरून काहीतरी मऊ, जड टेकलं असावं तशी. लुयांदोचे केसही तसेच दबले होते. आणि ते सगळं मिळून हळूहळू वर होत होतं, खाली होत होतं. एका श्वासावर.

"लिनेस...?" तिच्या तोंडून गेलं. मग तिच्या ध्यानात आलं की लिनेस तर तिच्याच अंगात होती, त्या नावाला ओ आता तिनंच द्यायची होती.

"लुयांदो... कोण आहे तिथं?"

"माहीत नाही." पोरगी डोळे न उघडता हसली. "पण सरकून जागा केलीय बघ. ये ना. तूही दमलीयस."

लुयांदोच्या पाठीमागची धूळ आवाज न करता बाजूला झाली. एका बाईला आडवं होता येईल, एवढी. आणि एस्नार्टचे पाय खरोखरच फार दुखत होते.