निळ्या खोळीवरचे परदेशी

वाकात्सुकी हा क्योतोचा जुन्या कापडांचा व्यापारी. थंडीतल्या त्या दुपारी कोळ्यांच्या गावात उतरला, तेव्हाच त्याने नाक मुरडलं होतं. 'रत्नं नेहमी गबाळ्यांच्याच घरात कुजत पडतात,' असं तो म्हणायचा.

ओत्सुने म्हातारीने रजईची खोळ उलगडली. जाड सुती कापड, गर्द निळं. साच्याने उठवलेली पांढरी नक्षी: उंच टोप्यांचे परदेशी, ओळीने, एकासारखा एक.

"ही नाकं आहेत की मुळे?" तो फिस्सकन हसला. "तुझ्या रंगाऱ्याने जन्मात परदेशी पाहिला नसेल, म्हातारे."

"पाहिला होता. माझ्या पणजोबांनी," ती हळूच म्हणाली. "समुद्राने आणून टाकलेला. आसरा देणाऱ्याचं मुंडकं उडायचे दिवस ते. तीन दिवस मासळीच्या कोठीत पाणी मागत राहिला... कोणी दिलं नाही. तो तहानेने गेल्यावर पणजोबांनी त्याचाच साचा कापून ही खोळ रंगवली. विकायची नाही हो ही."

"अडाण्यांच्या गोष्टी!" ती चहा आणायला आत वळली, तशी त्याने खोळ बगलेत मारली, जागेवर नवीकोरी घोंगडी टाकली आणि निघाला. असल्यांना काय कळतंय!

सकाळी घरी त्याने खोळ लाकडी टपात भिजत घातली. पाच बादल्या पाणी. न्याहारी करून आला तर टप कोरडा. खोळही कोरडी. पुन्हा भरला. डोळ्यांदेखत पाणी उतरू लागलं. बारीक आवाज येत होता. घट... घट...

"अहो," बायको शिगेनो कुजबुजली, "हा एकटाच परदेशी तोंड उघडून का हो?"

"मूर्ख! साचा एकच असतो, तर..." तो वाकून पाहू लागला. बाकी सगळ्यांची तोंडं मिटलेली होती.

संध्याकाळच्या आत तो खोळ घेऊन म्हातारीच्या दारात होता.

"आजी, चुकलो. आधी सांगायचंत तरी!"

"सांगत होते. तुम्ही ऐकत होता कुठे?" तिने त्याच्याकडे खरकट्याकडे पाहावं तसं पाहिलं. खोळ टांगली, समोर वाटीभर पाणी ठेवलं. "रोज इतकंच लागतं त्याला. बसा गप."

दोघं बसून राहिली. बाहेर समुद्र गाजत होता. वाटीतलं पाणी हललंसुद्धा नाही.

म्हातारीने दिवा जवळ धरला. एकूण एक तोंड मिटलेलं होतं.

"वाटी कधी भरलेली राहिली नाही हो... तो यात नाही," ती म्हणाली. "तुमच्या घरी कोण आहे... आत्ता?"