टेपखालचं बोट

भर दुपारच्या उकाड्यात, जिथे अंगावरचा शर्टसुद्धा नकोसा होतो, तिथे साडेपंधरा दुकानात शिरला तो गळ्याला मफलर गुंडाळून!

साडेपंधरा म्हणजे त्याच्या कॉलरचं माप. शर्ट शिवणारीला गिऱ्हाइकांची नावं कुठली लक्षात राहायला! पण हे एक माप तिला झोपेतही आठवायचं, आणि शेजारी काज-बटणं करत बसलेल्या मावशीला ते केव्हाच कळलं होतं.

"अजून एक शर्ट शिवायचाय," तो म्हणाला. "माप आहेच ना?"

"आहे हो. पण मान पुन्हा मापते. मफलर काढा."

"नको... राहू दे."

"अहो, काढा की!" हसत हसत तिने मफलरचं टोक ओढलं... आणि चटकन हात मागे घेतला.

मानेवर बारीक लाल पुळ्या. एकेका केसाच्या मुळाशी एकेक, काहींच्या टोकाला पांढरट पू.

त्याने तो मागे गेलेला हात पाहिला. चेहरा पार उतरला. "किळस आली ना? म्हणूनच..." मफलर गुंडाळत तो दाराकडे वळला.

किळस कसली! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुळ्यांची ती ओळ बरोब्बर तिने शिवलेल्या कॉलरच्या कडेने गेली होती. गळ्याचं माप घेताना टेपखाली एक बोट ठेवायचं, म्हणजे कॉलर सैल बसते, हे मावशीने तिला सगळ्यांत आधी शिकवलेलं. आणि पहिल्या शर्टाच्या वेळी या माणसाच्या गळ्याशी बोट न्यायची बाईसाहेबांना लाज वाटली होती!

"थांबा!" ती ओरडलीच. "खाजतं का? घाम आला की आग होते?"

"होते."

"ताप? एखादी पुळी मोठी होऊन ठणकते?"

"नाही."

"केसतोड आहे. मलाही झालं होतं, तंग पँटमुळे. कुठे ते विचारू नका." मावशी खाकरली, पण हिचं चालूच. "फोडू नका, तिथे वस्तरा लावू नका आणि डॉक्टरांना दाखवा. आणि... किळस नाही हो आली. शरम वाटली, माझीच. कॉलर मी घट्ट शिवली. पण एवढी काचत होती, तर घालत कशाला राहिलात?"

तो जमिनीकडे बघत राहिला. "तुम्ही म्हणाला होतात... शोभतो म्हणून. रोज धुऊन रोज तोच घालत होतो."

मावशी दोरा आणायला म्हणून उठून आत गेली. दोऱ्याची रिळं तिच्या पुढ्यातच होती.

"मान बरी होईपर्यंत कॉलर बंद," ती कशीबशी म्हणाली. "माप तेवढं घेऊन ठेवते." पुळ्यांना लागू न देता तिने टेप अलगद धरली आणि पुढून, त्याच्या गळ्याशी, बोट आत सरकवलं.

तो श्वास रोखून उभा.

"श्वास घ्या. नाहीतर पुन्हा चुकेल."

"घेतला तर कळेल तुम्हाला... किती धडधडतंय ते."

"कळतंय."

दोघंही हलेनात.

"तुम्ही साडेपंधरा नाहीच मुळी," ती हळूच म्हणाली. "सोळा आहात. आणि बोट... काढवत नाहीये मला."