पाठीवरचं कुळ

लिंदेका आता मैत्रिणीला, बाबाल्वाला, नुसता निरोप द्यायला आली होती. खरं तर बाबाल्वाचा भाऊ तिला मोटारसायकलवर मागे बसवून किनाऱ्याकिनाऱ्याने पोर्ट सेंट जॉन्सपर्यंत नेणार होता. तो पहाटेच तापाने फणफणला आणि तिचा बेत बारगळला. आता केई नदीच्या काठावर, तराफा यायची वाट बघत, बाबाल्वाच्या आणि तिच्या नवऱ्याच्या, मोंडेच्या, पिशव्या गाडीला नीट बांधल्यात की नाही हे ती तिसऱ्यांदा तपासत होती. जुलैचा, ऐन हिवाळ्यातला वारा समुद्रावरून सरळ कानात शिरत होता.

"माझी मागची सीट रिकामी आहे," पलीकडच्या गाडीवरून कुणीतरी म्हणालं.

मोंडेच्या कारखान्यातला वेलिले. काळीसावळी लांब बोटं, डोळ्यांत झोप, आणि ओठांच्या एकाच कोपऱ्यात हसू. लिंदेकाच्या मनात एकदम दहा शंका. कोण हा, गाडी कशी चालवतो, आई काय म्हणेल... तेवढ्यात तो हातमोजा उचलायला वळला. जाकिटाच्या पाठीवर पांढऱ्या दोऱ्याने मोठी अक्षरं भरली होती – भेले.

तिचा जीव भांड्यात पडला. ती स्वतः माभेले, म्हणजे भेले कुळातली मुलगी. एका कुळाची माणसं कितीही अनोळखी असोत, भावंडंच. त्यांचं लग्न होत नाही, तसं कुणाच्या मनातही येत नाही. भावाच्या मागे बसायला कसली भीती?

"हळू चालवशील ना, दादा?" ती म्हणाली.

त्याचं हसू जरासं विझलं असं तिला वाटलं. पण तराफा आला होता.

पहिल्या मुक्कामावरून आईला फोन केला, तेव्हा आईने तेच विचारलं. "कुणाच्या मागे बसून चाललीयस?"

"भेलेच आहे, आई. आपल्यातलाच."

"मग ठीक. हेल्मेट नीट घाल."

सगळं ठीकच होतं. भाऊ म्हटल्यावर ती मोकळी झाली. बोटं गारठली की सरळ त्याच्या जाकिटाच्या खिशांत हात घालायची. संत्र्याच्या फोडी चालत्या गाडीवर मागूनच त्याच्या तोंडात भरवायची. त्याची बडबड वाऱ्यात अर्धी उडून जायची, म्हणून हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकवून ऐकायची. खाली खडकांवर लाटा फुटायच्या, वाळूवर गाई बसलेल्या असायच्या आणि वेलिले बेसूर गायचा.

घोळ झाला तो दुसऱ्या दिवशी. कॉफी बेच्या कड्यावर सगळे बसले होते. समुद्रात तारल्यांची झुंड आली होती, तिच्यावर पक्षी दगडासारखे कोसळत होते, मोंडे मोजत होता. लिंदेकाही बघत होती... पण पक्ष्यांकडे नाही. वेलिलेच्या कानामागे थंडीने उठलेला बारीक काटा होता, त्याच्याकडे. केव्हापासून बघत होती, तिचं तिलाच कळलं नाही. कळलं तेव्हा तिने झटकन मान वळवली.

भावाकडे असं बघतं का कुणी?

मग तिने इलाज म्हणून 'दादा'चा मारा सुरू केला. पाणी दे दादा, थांब दादा, तो बघ देवमासा, दादा.

"आज सकाळपासून अकरा वेळा दादा म्हणालीस," तो म्हणाला.

"मोजतोस?"

"दुसरं करू काय? एका हाताने संत्रं भरवतेस, तोंडाने दादा म्हणतेस. मला काही ताळमेळ लागत नाही, लिंदेका."

"ताळमेळ कसला... दादा आहेस, म्हणून दादा."

"तेरा," तो म्हणाला, आणि समुद्राकडे बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी न्याहारीलाच तिने सांगून टाकलं – पोर्ट सेंट जॉन्सला पोचलं की मी टॅक्सीने घरी जाणार. का, तर थंडी वाजते. बाबाल्वाने तिच्या अंगावरचे तीन स्वेटर मोजले. वेलिलेने गाडीची साखळी उगाचच पुसली. आजच्यापुरतं त्याच्या मागे बसायचं, आणि मग या माणसाला पुन्हा कधी भेटायचं नाही, हे लिंदेकाने रात्रभर जागून ठरवलं होतं. ठरवलं तेच बरोबर होतं. मग पिशवी बांधायला एवढा वेळ का लागत होता, कोण जाणे.

दुपारी वारा इतका माजला की गाड्या आडव्या ढकलल्या जाऊ लागल्या. उतारावर समुद्राच्या रंगाची एक गोल झोपडी होती. दारातल्या आजीने हातानेच आत बोलावलं. पुरुष उजवीकडे बसले, बायका डावीकडे. चुलीवर मक्याचे कांडलेले दाणे आणि घेवडा शिजत होता.

वेलिले वाकून आत शिरला तेव्हाच आजीने त्याची पाठ वाचली होती. कुळ कळल्यावर पाहुण्याला नुसतं 'ये' म्हणत नाहीत. आजीने डोळे मिटले आणि भेल्यांच्या पूर्वजांची नावं एका दमात म्हणायला घेतली. अर्ध्यावर येऊन थांबली. पुढची नावं त्याने म्हणायची, अशी रीत.

वेलिले गप्प.

चुलीत लाकूड तडकलं. आजी वाट बघत होती. लिंदेकाला ती शांतता सोसवेना; मान खाली घालून तिनेच उरलेली नावं म्हणून टाकली.

"बहिणीला येतात आणि भावाला नाही?" आजीने विचारलं.

"आजी... जाकीट माझं नाही," वेलिले म्हणाला. "आमच्या कारखान्यातल्या एकाने लग्नानंतर गाडी सोडली, त्याच्याकडून घेतलं. माझं कुळ म्पिंगा."

"मग हे उसवायला काय झालं होतं?"

"उसवायला घेतलं होतं. भोकं पडायला लागली. वारा आत शिरतो, आजी."

"दुसऱ्याचे बापजादे पाठीवर घेऊन गावभर हिंडतोस, आणि कारण काय, तर वारा." आजीने त्याच्या ताटलीत वाढलं, तेही कमीच.

मोंडे हसून हसून उजव्या भिंतीला टेकला. बाबाल्वा मात्र लिंदेकाकडे बघत होती. "म्हणजे तू त्याला दादा–"

"गप जेव," लिंदेका पुटपुटली.

आनंद व्हायला हवा होता. पण तिला आधी लाजच वाटली. बहीण म्हणून खिशांत घातलेले हात आता कुणाचे होते? आणि तो... त्याने काय समजायचं ते सगळं?

वारा पडल्यावर ती गाडीवर बसली ती सीटमागची दांडी धरून, दोघांमध्ये एक वीत अंतर ठेवून. कोरफडीच्या लाल तुऱ्यांमधून रस्ता वर चढला, आणि गाव दिसू लागलं तिथे त्याने गाडी थांबवली.

"टॅक्सीचा अड्डा खाली आहे. सोडू?"

ती उतरली. "सांगितलं का नाहीस... भेले नाहीस म्हणून?"

"विचारलंस कुठे? पहिल्याच वाक्यात दादा म्हणालीस. वाटलं, हिने दार लावून घेतलं. बंद दाराबाहेर उभं राहून कुळ काय सांगायचं?"

लिंदेकाने हेल्मेटचा पट्टा सोडला, पुन्हा लावला. खाली टॅक्सीवाले ओरडून गिऱ्हाइकं गोळा करत होते.

"तुझ्या आईचं कुळ कोणतं?" तिने विचारलं.

वेलिलेचा हात किल्लीवरच राहिला. चहापाण्यापुरतं बापाचं कुळ पुरतं. लग्नाला मात्र आईचं आणि आजीचंही वेगळं लागतं; ते पोरगी विचारते ती एकाच कामासाठी, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"ड्लोमो," तो अगदी हळू म्हणाला. मग ओठांचा तो कोपरा हलला. "आणि आजीचं गात्येनी, तेही विचारणार असशील तर."

"विचारणारच होते."

"तुझ्या आईचं?"

"राडेबे."

"आजीचं?"

"ते... आईला फोन करून विचारायला लागेल." तिने चेहरा हातांत झाकला. "पण तिला परवाच सांगितलंय, तू भेले आहेस म्हणून."

तो इतका हसला की गाडी स्टँडवरून घसरता घसरता राहिली. ती धरायला दोघं एकदम वाकले, आणि हाताला हात लागला. दोघांनीही काढला नाही.

मागून मोंडेची गाडी येऊन थांबली. "टॅक्सी मिळाली का हिला? नसेल तर उद्या मोठ्या रस्त्याने सगळेच घरी जाऊ. एका दिवसाचं काम आहे."

"तुम्ही जा," लिंदेका म्हणाली. "आम्ही समुद्राकडून येतो."

"त्या रस्त्याने तीन दिवस लागतात, बाई. आत्ताच तर आलीस."

"आले," ती म्हणाली, "पण ते तिन्ही दिवस माझे दादाच्या मागे बसण्यात गेले."